पिक्चरमधल्या कल्लूले माय नाही

२० ऑगस्ट २००४, शुक्रवार

आज गौतमनं मले कुकरच्या झाकणानं मारलं. कपाळ फुटलं. मी काय गप बसणारी बाई आहे? त्याची बाटली मोरीत ओतली म्हणून त्यानं झाकण उचललं, तर मी कपडे धुवायची मोगरी उचलली अन् गुडघ्यावर, पाठीवर, जिथं बसल तिथं हाणली. मोगरी मोडली नाही, पोट्टाच खाली बसला अन् लहान लेकरावानी रडून राहिला. रीना भावाले सोडवाले मधे आली, तिलेही एक लागली. माझीच लागली असन.

श्यामराव असते तर म्हणले असते, इंदू, हात आवर. पण ते रेल्वेच्या कारखान्यात फिटर होते अन् दारूनंच गेले, त्याईले बोलायले तोंड नाही. पोराचं नाव मात्र त्याईनं विहारात सगळ्यासमोर ठेवलं होतं. गौतम. सव्वीस वर्षाचा घोडा झाला अन् नावाची अशी शोभा करून राहिला.

ही डायरी त्याईच्या युनियनवाल्याईनं दिली होती, कोरीच पडली होती. लिहिलं की डोकं थंड होते. मराठीत लिहिलं की आमच्या पाऱ्यात, या हिंदीवाल्या मोहल्ल्यात, कोणी वाचतही नाही.

२३ ऑगस्ट

त्याले नायलॉनच्या दोरीनं बांधून ऑटोत टाकलं अन् भनपुरीच्या नशामुक्ती केंद्रात नेऊन टाकलं. ट्रकच्या गोदामाच्या मागं आहे. रस्त्यानं मले शिव्या देऊन राहिला, माय-बहिणीवरून. मायले मायवरून शिवी, आता काय बोलावं!

पण केंद्र चांगलं आहे. चालवणारे विनायक सर शंकर नगरचे, आपल्या मराठीतले. किती दिवसांनी कोणी माझ्याशी असं शुद्ध बोललं. “बसा इंदूबाई, आधी पाणी घ्या.” भिंतीवर बाबासाहेबांचाही फोटो आहे. सर स्वतः दारूतून उठलेले आहेत. एक जुना पिक्चर पाहून त्याईची सुटली म्हणे, तवापासून केंद्र त्या पिक्चरवरच चालते. त्याईले स्वयंपाकाले बाई पाहिजेच होती. म्हणाले, “मुलगा इथे, तुम्हीही इथे. डोळ्यांसमोर राहील.” मी त्याईच्या पायाच पडणार होती.

एक गोष्ट त्याईनं बजावून सांगतली. “तो तुम्हाला सांगेल की इथे मारतात, घरी घेऊन चल. विश्वास ठेवायचा नाही. तेव्हा तो बोलत नसतो, त्याची दारू बोलत असते.” किती खरं! श्यामरावच्या तोंडून पंधरा वर्ष दारूच बोलली, मी नाही ऐकली का?

२९ ऑगस्ट, रविवार

आज तो पिक्चर पायला, स्वयंपाकघराच्या दारातून, मटर सोलता सोलता. काळा-पांढरा आहे. दवाखान्यात पाच दारुडे असतात, पाचाईच्या पाच खाटा. वकील, प्रोफेसर, शायर, सेठ अन् कप्तान. नर्स गोरी पान, सारखी रडते. पाचही जण बरे होतात. वकिलाचं तर लग्नच होते नर्सशी.

अन् एक कल्लू आहे, झाडूवाला. तोही पेते, पण त्याले खाट नाही, दाराशी झोपते. त्याले कोणी औषध देत नाही. एक दिवस तो डॉक्टरची बाटली चोरते तर हे पाचही जण त्याले इतकं मारतात, इतकं मारतात की सकाळी मेलेला सापडते. मग वकील त्याच्या मढ्यापाशी उभा राहून मोठं भाषण देते अन् दारू सोडते. मढं न्यायले कोणी येत नाही. मी भैय्यालालले विचारलं (हा इथला वॉर्डन, अंगानं रेडा), “भैया, इस कल्लू की माँ नहीं है क्या? आसमान से टपका?” तो म्हणे, “अम्मा, पिक्चर है. इतने छोटे आदमी की माँ दिखाएँगे तो पिक्चर कब खतम होगी?”

बरोबरच आहे म्हणा. पण मटर सोलता सोलता माझ्या डोक्यात तेच फिरून राहिलं.

५ सप्टेंबर, रविवार

आज लई आनंद झाला! इथं नवीन माणसाले पिक्चरमधलं नाव देतात. जुनं नाव दारूचं, नवं नाव सुटकेचं, असं सर म्हणतात. ते त्याचा चेहरा निरखून पाहतात अन् मग ठरवतात. एक नोव्हेंबरले इथल्या नव्या राज्याच्या वाढदिवशी घरच्यासमोर नाटक होते, त्यात ज्याचं नाव त्यानं ते काम करायचं. दोन सेठ आहेत, दोन शायर आहेत, कल्लू मात्र एकच असते. तो माझ्या गौतमले भेटला!

सर म्हणाले, “इंदूबाई, सगळं नाटक कल्लूवर उभं आहे. त्याच्यामुळेच बाकीचे सुटतात. लोक त्याच्यासाठीच रडतात.” मी सगळ्याईले शिरा केला.

घरी रीनाले सांगतलं. शंकर नगरच्या साडीच्या दुकानात काम करते ही पोट्टी, तिले वाटते जगाची अक्कल तिलेच आहे. म्हणे, “माँ, वकील कौन बना?” मी म्हणलं, तेलाच्या व्यापाऱ्याचा भाचा. “उसको पढ़ना आता है?” नाही येत, अंगठा लावते. “और भैया तो बारहवीं पास है ना? फिर उसके हाथ में झाड़ू काहे को?” मी म्हणलं, उचलली जीभ लावली टाळ्याले! सरांच्या भिंतीवर बाबासाहेब आहेत. तुझ्या शेठच्या दुकानात आहेत का?

ती ताट उचलून आत गेली.

१२ सप्टेंबर

चूक झाली. जेवाले वाढताना तोंडून निघालं, “गौतम, अजून भात घे.” भैय्यालालनं तिथंच त्याच्या कानाखाली वाजवली. ताटातला भात उडाला. मले म्हणे, “अम्मा, पुराना नाम लोगी तो इसको पड़ेगा. नियम है.” गौतम माह्याकडं पाहून राहिला. 

आता मी घोकून राहिली. भांडे घासताना कल्लू, पीठ मळताना कल्लू. कल्लू भात घे, कल्लू वरण घे. जिभेले वळण लावावं लागते, नाहीतर लेकराले मार बसते. काय करू?

२६ सप्टेंबर

इथं अंगण झाडायले हरिदास नावाचा माणूस आहे, अभनपुरकडच्या खेड्यातला, सतनामी, म्हंजे आपल्यासारखाच लोकाईनं खालचा मानलेला. एका कानानं ऐकू येत नाही. दारू सुटली त्याची, पण न्यायले कोणी आलं नाही म्हणून इथंच राहिला. आज चुलीपाशी चहा घ्यायले बसला अन् विचारते, “दाई, ए बछर तोर बेटा मरही का?” माझ्या हातून गाळणी पडली. मी म्हणलं, यंदा माझा पोरगा काहून मरन रे? तो हसला. म्हणे मागच्या वर्षी कल्लू मीच होतो, हा कान तवाच गेला. त्याच्या आधी जो होता तोही सतनामीच होता, त्याचं काय झालं माहीत नाही.

मी सरांना विचारलं. ते म्हणाले, “हरिदासच्या डोक्यावर दारूचा परिणाम झालाय, इंदूबाई. कान लहानपणापासूनच तसा आहे.” असन बाप्पा. दारू काय काय खाते माणसाचं. पण मग चहा देताना मी हरिदासच्या त्या कानाकडं पाहून राहिली. कानाची पाळी फाटून जुळली आहे, अन् जुळल्याचा वण गुलाबी आहे. लहानपणचा वण असा गुलाबी राहते का? मले काय कळते त्यातलं, मी काही डॉक्टर नाही.

९ ऑक्टोबर

नाटकाची तालीम सुरू आहे. आधी कागदाची गुंडाळी करून मारत होते, आता पट्टे आले. सर म्हणतात, “यांच्या आत वर्षानुवर्षांचा राग साचलाय. तो बाहेर पडला की दारूची गरज उरत नाही.” राग बाहेर निघून तर राहिला बरोबर, निघून पडून राहिला माझ्याच पोट्ट्यावर. त्या वकिलाचा चेहरा कसा खुलते पट्टा हातात आला की! भैय्यालाल बाजूले उभा राहून टाळी देते, एक, दो, एक, दो. टाळीवर पट्टा पडते.

सांज झाल्यावर गौतम खिडकीशी आला. कुडता वर करून पाठ दाखवली. निळी, काळी, एके ठिकाणी कातडी उघडी. “माँ, घर ले चल. पीऊँगा नहीं. तेरी कसम. ये लोग सच में मारते हैं.”

हो म्हणणारच होती मी. पण सरांचं बोलणं आठवलं. हीच दारू आहे, शब्दाशब्द तेच बोलून राहिली. मी म्हणलं, कल्लू, नाटक आहे ते, सहन कर. अन् घरी मी मोगरीनं मारत होती तवा तर तू घर सोडून नाही गेला? तो म्हणे, “तू मारती थी तो रोती भी थी.”

खिडकी लावून घेतली मी. हळद-तेल मात्र हरिदासच्या हातून पाठवलं.

२४ ऑक्टोबर

दसऱ्याले नागपूरले दीक्षाभूमीवर गेली होती, रीना अन् मी. गर्दीत उभी राहून एकच मागणं केलं. आपल्यात मागत नाहीत हे मले माहीत आहे, पण मायच्या तोंडाले कोण कुलूप लावते? येताना त्याच्यासाठी गळ्यातलं निळ्या दोऱ्याचं लॉकेट आणलं.

आज केंद्रात गेली तर त्याच्या डाव्या हाताचं बोट उलटं वाकलेलं. लॉकेट द्यायले हात पुढं केला तर त्यानं हात मागं ओढला, मारते की काय म्हणून. मले पाहून! मी भैय्यालालच्या अंगावर गेली. तो म्हणे, चोरी का सीन था, दरवाजे में आ गया. प्रोफेसर अन् कप्तान माना हलवून राहिले, हव, हव, दरवाजे में. सगळे एका सुरात.

रात्री रीना म्हणे, “माँ, पिक्चर में जिसका मरना लिखा है, उसको ये लोग ठीक क्यों करेंगे?” मी तिच्या थोबाडीत मारली. मग तिच्या गालाले मीच बर्फ लावला. ती आज जेवली नाही, मीही नाही.

आणायचं का त्याले घरी? आणला अन् पुन्हा प्याला तर? श्यामरावले रक्ताची उलटी झाली तवा पितळेची परात भरली होती. ती परात मी अजून वापरत नाही. एक तारखेपर्यंत थांबते. नाटक झालं की सर सोडतो म्हणाले आहेत.

३१ ऑक्टोबर

मांडव पडला. कोणी पुढारी येणार आहेत. पन्नास माणसाचे भजे तळायचे आहेत. गौतम आज खिडकीशी आला नाही. दुरून पायलं तर झाडू घेऊन एकटाच उभा, मरायची तालीम करून राहिला. पडते, उठते, पुन्हा पडते. चांगला पडते.

३ नोव्हेंबर

अक्षर वाकडं येते. येऊ दे. लिहिल्याशिवाय झोप येणार नाही.

मांडव भरला होता. रीनाही सुट्टी घेऊन आली होती. मी मागच्या बाजूले कढईपाशी. पडद्याच्या फटीतून मंच दिसत होता. वकिलानं कल्लूची बाटली पकडली अन् मार सुरू झाला. भैय्यालाल मंचाच्या कोपऱ्यात उभा, टाळी देऊन राहिला. पट्टे खरे होते. एकाच्या पट्ट्याले लोखंडी बक्कल होतं, ते काढलं नव्हतं.  पुढारी पुढं वाकून पाहत होते.

पिक्चरमधे कल्लू “हे भगवान” म्हणते अन् मरते. माझा गौतम पडला तसा पडला, जसा शिकवला तसा. पण हे थांबले नाहीत. वकिलानं पायानं त्याच्या तोंडावर हाणलं, दात उडालेला मी पायला. अन् तो ओरडला, “माय!”

आयुष्यभर मले माँ म्हणणारा पोट्टा, “माय” म्हणून ओरडला. हे नाटकात नव्हतं. अन् ते दारूही बोलत नव्हती. दारूले माय नसते.

तापलेल्या तेलातला झारा तसाच हातात घेऊन मी मंचावर चढली. पहिला वकिलाच्या पाठीत बसला. सदरा चिकटला अन् तो असा बोंबलला की अर्धे लोक उठून उभे राहिले. दुसरा कप्तानच्या मनगटावर. पट्टा खाली पडला. भैय्यालाल मले धरायले आला तर त्याच्या तोंडावर आडवा हाणला, नाकातून रक्त निघालं, तरी हाणला, तो खाली बसला तरी हाणला. मी थांबायले पाहिजे होतं का? मले थांबायचंच नव्हतं. इतकी वर्ष मी त्याले मारलं, श्यामरावनं मले मारलं, पण ज्याले मारायले पाहिजे त्याले आम्ही कधी मारलंच नव्हतं.

अन् लोकाईनं टाळ्या वाजवल्या! बाप्पा, टाळ्या! त्याईले वाटलं नाटकच आहे. पुढारी उभे राहून वाजवून राहिले. विनायक सर जवळ आले अन् कानाशी हळूच, त्या गोड मराठीत म्हणाले, “इंदूबाई, प्रयोग चालू आहे. खाली उतरा. शेवटचं भाषण राहिलंय.”

माझा पोट्टा त्याईच्या पायाशी रक्तात पडला होता अन् त्याईचं भाषण राहिलं होतं. मी झारा त्याईच्यावरही उचलला. बाबासाहेबांचा फोटो आठवला म्हणून थांबली, असं नाही. हरिदासनं माझा हात धरला. मग मी लोकाईकडं तोंड केलं अन् जीव तोडून ओरडली, “मी कल्लूची माय आहे! पाहून घ्या! कल्लूले माय आहे!”

आणखी टाळ्या पडल्या.

हरिदास अन् रीनानं त्याले उचललं. बाहेर एक छोटा मालवाहू टेम्पो उभा होता, त्यात टाकून मोठ्या सरकारी दवाखान्यात नेलं. त्याचं डोकं माह्या मांडीवर. डोळा सुजून बंद, तोंडात रक्त. मी पदरानं पुसून राहिली अन् कल्लू, कल्लू, डोळे उघड म्हणून राहिली. ते तवा माह्या ध्यानातच आलं नाही.

खिडकीवरच्या बाबूनं विचारलं, “मरीज का नाम?”

मी म्हणलं, “कल्लू.”

“बाप का नाम?”

मले बापाचं नाव सुचेना. कल्लूले बाप नव्हता पिक्चरमधे.  बाबू वैतागला. रीना माझ्याकडं पाहून राहिली होती, भुतावानी.

स्ट्रेचरवरून आवाज आला. ओठ फाटलेले, दात गेलेला, तरी एकेक अक्षर धरून तो बोलला. “गौतम. गौतम श्यामराव खोब्रागडे.” अन् मग माझा पदर ओढून म्हणे, “माँ, तू तो मत बोल.”

मी तिथंच खाली बसली अन् फरशीवर डोकं आपटून रडली. लोक पाहत होते, पाहू दे.

बरगड्या दोन मोडल्या आहेत. डोळा वाचन, असं डॉक्टर म्हणतात. आज दुपारी विनायक सर संत्री घेऊन आले होते. माफी मागितली नाही. म्हणाले, लोकांना तो प्रसंग फार भिडला, पुढच्या वर्षीपासून कल्लूची आई नाटकात कायमची घालायची असं ठरवलंय, तुम्हीच कराल का? संत्र्याची थैली मी खिडकीतून खाली फेकली. पोलिसात जायचं रीना म्हणून राहिली, हरिदास साक्ष द्यायले तयार आहे. त्याचा तो कान दाखवू म्हणते. जाऊ. मारहाणीत माझंही नाव येईन, येऊ दे.

गौतम आता झोपला आहे. दारू सुटली का? मले माहीत नाही. बाहेर आला की पुन्हा पेईलही. पेला तर मी भांडीन, जोरजोरात भांडीन, साऱ्या पाऱ्याले ऐकू जाईन असं भांडीन. मोगरीनं नाही. अन् भांडताना त्याले गौतम म्हणीन.